साडूची केळी

माझ्या बायकोला बहीण एकच, धाकटी. ती कासारसाईला दिलेली. त्यामुळे साडूही मला एकच, आणि लग्न झाल्यापासून माझी तुलना झाली ती त्या एकाच माणसाशी. चार साडू असते तर हेवा चौघांत वाटून तरी गेला असता.

मी मुठा गावचा. उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी नोकरी गेली. नट, बोल्ट, बेअरिंग द्यायचे आणि चोपडीत सही घ्यायची. निवृत्त झालो तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साडू माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. कासारसाईच्या धरणाखाली त्याची जमीन. हिंजवडी वाढत वाढत त्याच्या बांधाला येऊन टेकली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमिनी विकल्या, कुणी खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. साडूने विकलं नाही की बांधलं नाही. त्याने केळी लावली, आणि केळी त्याला फळली.

फळली म्हणजे कशी? कुणाचं बारसं असो, साखरपुडा असो, साडू दारात उभा राहायचा तो खांद्यावर केळ्यांचा सबंध घड, अख्खं लोंगर घेऊन. चपला काढायच्या आधी आरोळी ठोकायचा, "घ्या ओ, कुटं ठेवू हे?" मग घरातली सगळी माणसं उठायची. मी कोपऱ्यात मिठाईचा खोका मांडीवर घेऊन बसलेला असायचो. माझा खोका कुणीतरी नंतर फ्रिजवर ठेवायचं.

निवृत्तीनंतर मी घरामागे दोन खोल्या वाढवल्या आणि वास्तुशांत घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कौतुकाचा दिवस. आदल्या संध्याकाळी साडू टेम्पोतून चार केळी घेऊन आला. खांब म्हणावेत असे बुंधे आणि त्यावर लोंबणारी हिरवी लोंगरं. स्वतःच्या हाताने त्याने ती दारात बांधली. दुसऱ्या दिवशी पाहुणे येत होते आणि दारातच थांबत होते. बायका लोंगराला हात लावून फोटो काढत होत्या. नवीन खोल्यांतली फरशी मी स्वतः निवडली होती. तिच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. माझी सासू जाताना म्हणाली, "धाकट्या पाव्हण्यांनी घराला शोभा आनली बगा." मी हसलो. रात्री जेवण गेलं नाही.

मग मीही केळ लावायची ठरवली. हौस होती असं मी सगळ्यांना सांगितलं, पण हौस नव्हती. साडूकडे मुनवे मागितले असते तर त्याने पोतंभर दिले असते. केळीच्या बुडाशी जी पिलं फुटतात ते मुनवे, तेच खणून दुसरीकडे लावायचे असतात. पण त्याचे मुनवे लावले तर केळी त्याचीच ठरली असती. म्हणून मी आमच्या गावात ज्या शनिवार-रविवारच्या बंगल्या झाल्यात त्यातल्या एका बंगलीच्या माळ्याला गाठलं. त्यांची बाग माजली होती, मालक वर्षात दोनदा यायचे. माळी म्हणाला, "घेऊन जा लागतील तेवढे." मी वीसेक कंद आणले. ते निवडून घ्यायला हवेत, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन महिन्यांतच काहीतरी बिनसलं. केळ वर जाईना. नवं पान यायचं ते आधीच्यापेक्षा अरुंद आणि आखूड, आणि बाजूला पसरण्याऐवजी सरळ वर उभं. त्याच्यामागून दुसरं तसंच. सगळी पानं शेंड्याला दाटून एखाद्या मुठीत गवताची जुडी धरावी तशी दिसायला लागली. कडा पिवळ्या पडल्या. खत टाकलं, पाणी वाढवलं. पान नुसतं वाकवलं तरी कडकन मोडायचं. शेवटी कृषी सहायकाला बोलावलं. तरुण मुलगी होती, स्कूटीवर आली. तिने लांबूनच मान हलवली.

"काका, हा पर्णगुच्छ. व्हायरस आहे. याला औषध नाही."

मग तिने जवळ येऊन एका पानाच्या देठावरची पांढरी भुकटी अंगठ्याने पुसली आणि देठ उन्हाकडे वळवला. म्हणाली, "बघा." देठाच्या फिकट हिरव्यावर गडद हिरव्या तुटक रेघा होत्या, कुठे लांब, कुठे नुसता ठिपका. कुणीतरी टोकदार पेन्सिलीने ओढाव्यात तशा. "केळ अजून चांगली दिसत असली तरी या रेघा आधी दिसतात," ती म्हणाली. बुंध्याशी पान सोलून तिने मला काळपट, टाचणीच्या डोक्याएवढे किडे दाखवले. तो मावा. तो रोगट केळीचा रस पितो आणि चांगल्या केळीवर जाऊन बसतो. आणि दुसरं म्हणजे मुनवे. आई रोगट असली की तिची सगळी पिलं रोगट, वरून धडधाकट दिसली तरी. "आधी मावा मारा, मग कंदासकट खणा, तुकडे करून वाळवा. आणि आजूबाजूला सांगा," असं बजावून ती गेली.

मी खणलं, पण सांगितलं कुणालाच नाही. फुकटच्या मुनव्यांपायी फसलो हे सासरच्या माणसांत कसं सांगणार? बायकोलाही ताकीद दिली. पुढच्या वेळी साडूने विचारलं, "दाजी, केळी काय म्हनत्यात?" तेव्हा मी म्हणालो, "डुकरांनी उकरली सगळी." आमच्याकडे रानडुकरं खरंच येतात, त्यामुळे ते खपून गेलं. साडू म्हणाला, "अरारा! कुंपान घालायचं हुतं की." त्याच्या आवाजात खरी हळहळ होती. मला तीही सहन झाली नाही.

त्यानंतर पौषातल्या एका रविवारी मेव्हणीने आम्हाला जेवायला बोलावलं. पिरंगुटावरून घोटावडे करत मी आणि बायको स्कूटरवर कासारसाईला गेलो. बायका चुलीपाशी बसल्या आणि मी एकटाच मागे केळीत शिरलो. का शिरलो ते खरं सांगतो. दोष शोधायला. मी त्याच्या केळीत नेहमी दोषच शोधायचो. कधी तण, कधी एखादं करपलेलं पान. त्या दिवशी धरणाच्या बाजूच्या कोपऱ्यात एका केळीपाशी थांबलो. केळ उंच होती, लोंगरही होतं. पण शेंड्याची शेवटची दोन पानं मला जरा उभी वाटली. मी एक पान ओढून खाली घेतलं, देठावरची भुकटी अंगठ्याने पुसली, उन्हाकडे धरलं.

रेघा होत्या.

माझं मन तेव्हा नेमकं कसं झालं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आधी धस्स झालं, हे खरं. पण त्याच्यामागून लगेच दुसरं काहीतरी आलं, उन्हाळ्यात माठाचं पाणी घशाखाली उतरावं तसं. याचीही जाणार, असं वाटलं. त्याला बरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

तेवढ्यात साडू कुदळ घेऊन आला. मागे वरच्या वाडीतली एक कातकरी बाई. साडूकडे ती निंदणीला यायची आणि बाकीच्या दिवसांत रानभाज्या आणि पानं विकायची. केळीची पानं साडू तिला कापून न्यायला द्यायचा, त्याबद्दल कधी काही घ्यायचा नाही. तिच्या झोपडीमागे जागा होती, शेजारी हातपंप होता. आपलीच चार केळी असावीत असं तिच्या मनात होतं, आणि साडूने मुनवे कबूल केले होते.

"मावशी, ह्या कोपऱ्यातलं घ्या," साडू म्हणाला. "हिला लई पिलं फुटल्यात."

आणि तो त्याच केळीच्या बुडाशी खणायला लागला. मी तिथे उभा. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पाव्हणं, थांबा, एवढंच. पण मग पुढे सांगावं लागलं असतं की मला हे कसं कळतं, आणि डुकरं नव्हती हे निघालं असतं. हे मी तेव्हा स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण माठाच्या पाण्यात होतं.

"दाजी, जरा पोतं धरता का?" साडू म्हणाला.

मी पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं. त्याने एकेक करून बारा मुनवे टाकले. बाई पोतं डोक्यावर घेऊन गेली. जाताना साडूला म्हणाली, "पयलं लोंगर तुमच्या दारात आनून टाकीन." परत येताना स्कूटरवर मागून माझी बायको म्हणाली, "पाव्हण्यांचं मन किती मोठं हाय, न्हाई का?" मी गाडीचा वेग वाढवला.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकदा फोन केला. करायला हवा हे कळत होतं. सांगायचंच असं ठरवून नंबर लावला. साडू खुशीत होता. म्हणाला, "दाजी, बरं झालं तुमीच केला. पुढच्या मंगळवारी सरकारी मानसं शेतकरी घिऊन येत्यात माझी केळी बगायला. तीस-चाळीस जन! मी म्हनलं, मी काय सांगनार त्यांना, मी काय शिकलेला हाय व्हय?" आणि हसला. तीस वर्षांत माझं स्टोअर बघायला कुणी आलं नव्हतं. मी म्हणालो, "छान, छान," आणि फोन ठेवला.

होळीच्या सुमारास मेव्हणीचा बायकोला फोन आला. बायको बराच वेळ नुसती "अगं बाई, अगं बाई" करत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "त्यांची केळी थिजल्यात. एका कोपऱ्यातनं सुरू झालं आन् आता निम्म्या वावरात गेलंय. नवीन लोंगरं गळ्यातच अडकून बसल्यात, बाहेरच यीना झाल्यात." मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या, वर तिसरी अर्धी मागितली. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिला आमच्या केळीचं खरं माहीत होतं, त्या कोपऱ्यातलं माहीत नव्हतं. पण माणूस इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर भाकऱ्यांवरून ओळखतो. म्हणाली, "उद्या तुमी जाऊन या. त्यांना धीर द्या." आणि उठून गेली.

मी गेलो. साडू घरी नव्हता, औषध आणायला गेला होता. केळीकडे जाण्याऐवजी मी वाटेनं वर चढलो. वाडी तिथून दहा मिनिटांवर. मला वाटत होतं, बाईने कदाचित मुनवे लावलेच नसतील, कदाचित बकऱ्यांनी खाल्ले असतील.

तिने लावले होते. झोपडीमागे दोन सरळ ओळी, सहा-सहा. प्रत्येकीभोवती दगडांचं आळं, आळ्यात ओल. हातपंपावरून हंड्यानं पाणी घातलेलं दिसत होतं. आणि प्रत्येक आळ्यात गुडघ्याएवढी, वर जुडी बांधल्यासारखी केळ. बाराच्या बारा.

बाई सुपात काहीतरी निवडत बसली होती. मला बघून तिने हात थांबवले नाहीत.

"या भाऊ. बगा माजी केळी," ती म्हणाली.

मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "दोन म्हैनं पानी घातलं. मला वाटलं जमीन न्हाई मानवत." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "त्या दिशी तुमी त्या केळीचं पान खाली वढून पुसत हुता. अंगठ्यानं. मी बांधावनं बगत हुते. काय बगत हुता तुमी?"

आजवर मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याला खऱ्याशिवाय दुसरं काही उत्तर देताच येत नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. रेघांचं सांगितलं, माझ्या घरामागच्या केळीचं सांगितलं, मावा आणि मुनवे दोन्ही सांगितलं.

"मंग बोलला का न्हाई?"

"साडूचं बरं चाललेलं बघवत नव्हतं," मी म्हणालो. हे वाक्य मी तोवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

तिने सूप परत मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "त्यांचं नसंल बगवत. माज्याशी तर तुमचं कायबी नव्हतं."

मी म्हणालो, "मावशी, मी नवी रोपं आणून देतो. प्रयोगशाळेतली, बिनरोगाची."

"रोपं नकोत," ती म्हणाली. "ही आदी खनून काडा. ज्यानं पोत्यात घालाया हात लावला त्यानंच काडा."

मी खाली साडूच्या घरी आलो. तो परतला होता, ओट्यावर फवारणीचा पंप धूत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वाडीत सांगितलं तसंच. साडूने पंपाचं पाणी ओतून टाकलं. नळी गुंडाळली. मेव्हणी दारात येऊन उभी राहिली होती.

"म्हंजे डुकरं नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"दाजी, मला तवा सांगितलं असतं तर येकच कोपरा गेला असता." मला वाटलं तो शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर परतताना हलकं वाटलं असतं. तो फक्त कुदळ घेऊन आला, माझ्यासमोर भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "आदी वर मावशीचं करा. मग हितं या."

बारा केळी खणायला मला संध्याकाळ झाली. सवय नव्हती, हात सोलवटले. प्रत्येक कंद संपूर्ण बाहेर काढायचा, तुकडा मागे राहिला तर तो पुन्हा फुटतो आणि रोगटच फुटतो. बाई उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटचा कंद निघाल्यावर तिने आळ्यांचे दगड गोळा करून एका बाजूला रचले आणि मला तांब्याभर पाणी दिलं.

साडूकडे मी आठ दिवस जात राहिलो. पानं कापायच्या आधी फवारायचं, मावा मरू द्यायचा, मग खणायचं, चिरायचं, उन्हात टाकायचं. आम्ही शेजारी-शेजारी काम केलं आणि कामापुरतंच बोललो. "तिकडून धरा." "हां." "झालं?" "झालं." लोंगर धरलेल्या केळीही त्याने ठेवल्या नाहीत. एकदा एक मोठं लोंगर खाली आलं तेव्हा तो त्याच्यापाशी उकिडवा बसला, फण्यांवरून हात फिरवला, आणि मग उठून त्याच्यावर स्वतःच कोयता चालवला. मी दुसरीकडे बघितलं. तेव्हा माझ्या पोटात थंड काही उतरलं नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

ती जमीन त्याने हंगामभर मोकळी ठेवली, मग नर्सरीतून तपासलेली रोपं आणून लावली. ती चांगली आली. वाडीतल्या बाईलाही त्याने त्यातलीच रोपं दिली. तिने ती आधी स्वतः देठ पुसून, उन्हाकडे धरून बघितली आणि मगच घेतली, हे मेव्हणीने माझ्या बायकोला सांगितलं. आता ती वाडीत दुसऱ्यांनाही तसं बघायला शिकवते म्हणे. साडू माझ्याशी तुटक बोलतो. तोडलेलं नाही, पण पूर्वीची "बोला दाजी" ही हाक गेली.

मला वाटलं होतं की एवढं सगळं झाल्यावर माझा हेवा तरी मरेल. गेल्या वर्षी बायकोच्या भावाच्या मुलाचा साखरपुडा होता. सगळं सासर जमलेलं. जेवणं झाल्यावर कुणीतरी साडूला विचारलं, "तुमची ती मोठी केळी एकदम कशी हो गेली? काय झालं नेमकं?" मी पाण्याचा पेला हातात घेऊन बसलो होतो. वर्ष-दीड वर्ष मी याच घटकेची वाट बघत होतो. त्याने सांगावं, सगळ्यांसमोर, आणि एकदाचं होऊन जावं.

साडूने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "रोग आला. माव्यानं आनला. त्याला कोन काय करनार?" आणि पानाला चुना लावत बाजूच्या माणसाला त्याच्या म्हशीबद्दल विचारायला लागला.

मला कळलं की त्याने हे कुणालाच सांगितलेलं नाही. सासूला नाही, मेव्हण्यांना नाही. त्याच्या जागी मी असतो तर सोयऱ्याधायऱ्यांत दारोदार जाऊन सांगितलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तेही बहुधा त्याला ठाऊक होतं. पलीकडे बायका हसत होत्या, सासू त्याला आणखी एक जिलबी वाढायला उठली. केळीचं मी कधीतरी विसरेन. पण तो तसं बोलून इतक्या सहज म्हशीकडे वळला, त्या सहजपणाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या एकाही लोंगराचा कधी वाटला नव्हता.